झबलं बेतण्याआधी

शिवणकामाच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात झबलं शिकवतात. कागदाची घडी घालायची, मुंढ्याची गोलाई काढायची, गळा कापायचा, दोन्ही बाजूंना टीप मारायची, झालं. पुढच्या आठवड्यात लंगोट आणि टोपडं, मग बाबासूट, मग फ्रॉक, आणि थोड्याच दिवसांत मुलगी परकराकडे आणि ब्लाउजकडे वळते. झबल्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. कापड थोडं लागतं, चुकलं तरी फार वाया जात नाही, म्हणून नवशिक्या हाती द्यायचा कपडा, एवढीच त्याची वर्गातली ओळख.

जळगाव जामोदला शिवण शिकवताना मला हा क्रम हळूहळू खटकू लागला. ब्लाउज चुकला तर बाई तो घालून बघते, काखेत ओढतो म्हणते, आपण उसवून देतो. झबलं चुकलं तर बाळ रडतं, आणि ते कशानं रडतंय हे शोधताना घरातलं कुणी शिवणीकडे बघत नाही. पोट दुखत असेल, दृष्ट लागली असेल, भूक असेल, असंच सगळे म्हणतात. ज्याला सांगता येत नाही, ज्याचं अंग दर आठवड्याला बदलतं, ज्याला ऊन आणि गारठा आपल्याइतका सोसत नाही, त्याच्यासाठी बेतायचं तर मुरलेल्या हातालाही नव्यानं शिकावं लागतं. झबलं हा पहिला धडा म्हणून उरकण्याचा विषय नव्हे, एवढं एकच म्हणणं मांडण्यासाठी ही पुस्तिका आहे.

तिच्यात झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, लंगोट आणि बोरन्हाणाचं काळं झबलं यांचे बेत आहेत. ते कुठल्या छापील पुस्तकातून घेतलेले नाहीत. गावातल्या आणि जामोद, आसलगाव, सुनगाव, पिंपळगाव काळे इकडच्या बायांनी आपापल्या घरी ज्या पद्धतीनं शिवलं, ती पद्धत मापात बसवून कागदावर आणली आहे. त्या बायांपैकी बऱ्याच जणींनी टेप कधी वापरली नाही. वीत, चार बोटं, मूठ, एवढ्यावर त्यांचं माप चालतं, आणि ते चुकत नाही, कारण जे बाळ नजरेसमोर आहे त्याच्याच अंगावर वीत टेकवून त्या कापड फाडतात.

आधी अंग पाहू. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं आणि त्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. मोठ्या माणसात हाच हिस्सा आठव्यावर येतो. डोक्याचा घेर 33 ते 35 सेंटिमीटर, छातीचा त्याहून एक-दोन सेंटिमीटर कमीच. आपण मोठ्यांचे कपडे छातीवरून बेततो, बाकी मापं तिच्यावरून काढतो. इथे तो हिशेब उलटा पडतो, कारण सगळ्यात रुंद भाग डोकं आहे. डोक्यावरून चढवायचा कपडा शिवला तर गळा इतका मोठा ठेवावा लागतो की तो खांद्यावरून घसरतो. गळा बेताचा ठेवला तर डोकं अडतं. त्यात नवजात बाळाची मान दिसत नाही इतकी आखूड आणि ते ती धरतही नाही. जुन्या बायांनी झबलं पुढून उघडं ठेवलं ते यामुळे. झबलं पसरायचं, त्यावर बाळ निजवायचं, एक हात घालायचा, दुसरा घालायचा, बंद बांधायचे. मान उचलण्याचं कामच पडत नाही.

हाताचंही असंच. पहिले काही महिने बाळाचे कोपर वाकलेले आणि मुठी वळलेल्या असतात. बोटं बाहीच्या दोऱ्यात अडकतात, म्हणून बाही आखूड हवी आणि तोंडाशी रुंद हवी, इतकी की आईची दोन बोटं बाहेरून आत जाऊन बाळाची मूठ अलगद ओढून घेतील. बाही वेगळी कापून मुंढ्याला जोडण्यापेक्षा खांद्यातूनच एकसंध काढावी. मग खांद्यावर आणि मुंढ्याच्या गोलाईत जाड जोड येत नाही. बाळ दिवसातले बहुतेक तास पाठीवर असतं, त्यामुळे पाठीवर जोड नको, गाठ नको, बटण तर मुळीच नको. पहिल्या एक-दोन आठवड्यांत नाळ वाळून गळते. तोवर ती कोरडी आणि उघडी राहायला हवी. त्यासाठी पहिलं झबलं आखूड बेतायचं आणि लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा. या पुस्तिकेतला सगळ्यात लहान बेत त्यामुळेच दिसायला तोकडा वाटेल. तो तसाच शिवावा.

शिलाईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वर्गात आपण शिलाई कपड्याच्या आत लपवायला शिकतो. मोठ्यांच्या कपड्यात ते बरोबर आहे. नवजात बाळाच्या कपड्यात शिलाईची कड बाहेर ठेवावी, किंवा दुमडून सपाट बसवावी. बाहेरून धागे दिसले तर दिसू द्यावेत. शिवणीसाठी माया सोडताना आपला हात सवयीनं दोन बोटं सोडतो, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. झबल्यात ती माया आत वळकटीसारखी जमते आणि काखेत रुतते. वाढीला जागा द्यायची तर ती छातीखालच्या चुण्यांमधून द्यावी. जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. ही वाढ उसवून गाठता येत नाही, नवं झबलंच लागतं, म्हणून एकाच झबल्याकडून वर्षभराची अपेक्षा करू नये. दोरा सुती घ्यावा. नायलॉनचं टोक कापल्यावर काट्यासारखं उभं राहतं, आणि ते बोटाला जाणवत नाही पण मानेच्या घडीत लाल ओरखडा उठवतं. शिवून झाल्यावर झबलं उलटं करून आपल्या गालावरून आणि ओठांवरून फिरवावं. हाताचं कातडं काम करून राठ झालेलं असतं, त्याच्या परीक्षेवर विसंबू नये.

समोरून उघडणाऱ्या या साध्या कपड्याला दवाखान्यातही मान आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायची पद्धत सुरू केली. तिला आज कांगारू मातृसेवा म्हणतात आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती शिकवली जाते. या पद्धतीत बाळाला टोपी, मोजे, लंगोट आणि पुढून उघडं, बिनबाह्यांचं झबलं घालतात, म्हणजे छाती आईच्या छातीला लागते आणि पाठ झाकलेली राहते. आपल्याकडे कमी वजनाची बाळं थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, ज्यांचं वजन नोंदलं गेलं अशा शंभर बाळांमागे सुमारे 18 अडीच किलोच्या आतली निघाली. बाजारात ‘झिरो साइज’ म्हणून मिळणारा कपडा या बाळांना ढगळ होतो आणि ढगळ कपड्यात ऊब टिकत नाही. दोन किलोच्या बाळाला बसेल असं झबलं जवळपासच्या दुकानांत सहसा मिळत नाही. ते घरीच शिवावं लागतं, आणि तेही घाईत. या पुस्तिकेत त्या मापाचा बेत सगळ्यात आधी दिला आहे, तो याच कारणानं.

आता कापड. आपण कापसाच्या मुलखात राहतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीपर्यंत काळी जमीन आहे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी उभी आहे. भेंडवळच्या, पिकांचं भाकीत करणाऱ्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेला जी धान्यं मांडतात त्यांच्यात सरकीही असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकीचं काय झालं हे ऐकायला लोक कान टवकारून उभे असतात. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. खामगावच्या कापूस बाजारासाठी 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला गेला. इथून गाठी बाहेर गेल्या आणि कापड बाहेरून आलं. आजही गाडी भरून कापूस जिनिंगला जातो आणि त्याच घरातल्या नातवाच्या अंगावर पॉलिस्टरचा चमकदार फ्रॉक असतो, आत जाळी, बाहेर टिकल्या. मला हे पाहवत नाही. पॉलिस्टर घाम शोषत नाही. बाळाच्या मानेवर, काखेत आणि मांड्यांच्या घड्यांत घामोळं उठतं, आणि मग त्यावर पावडर थापली जाते.

नवजात बाळासाठी सगळ्यात चांगलं कापड दुकानात मिळतच नाही. ते घरातल्या पेटीत असतं. आजीचं नऊवारी सुती लुगडं, आजोबांचं धोतर, वापरून वापरून, धुऊन धुऊन ज्यातली खळ कधीच गेली आहे, रंग सुटायचा तेवढा सुटून गेला आहे, आणि धागा मऊ पडून हवा खेळू देतो. नव्या कापडाला गिरणीत खळ असते, सुरकुती पडू नये म्हणून रसायनं असतात. ती दोन-तीन धुण्यांशिवाय निघत नाहीत. जुन्या लुगड्याला यातलं काही नसतं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्यातून झबली, टोपडी, लंगोट आणि एक दुपटं सहज निघतं. मात्र ते कसं कापायचं हे ठरलेलं आहे. लुगडं उजेडासमोर धरायचं. बसायच्या आणि टाचेच्या जागी ते विरलेलं असतं, तिथून उजेड चाळणीसारखा येतो. तो भाग लंगोटाला, थरावर थर देऊन. मधला एकसारखा भाग झबल्याला. काठाजवळचं कापड घट्ट असतं, ते बंदांना आणि दुपट्याच्या किनारीला. काठ बाळाच्या गळ्याशी लावायचा मोह होतो, तो आवरावा. जरीचा असेल तर आणखीच आवरावा.

पेटीतलं कापड काढताना एक गोष्ट जिवाची आहे. आपल्याकडे लुगडी डांबरगोळ्या घालून ठेवतात. त्या गोळ्यांत नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं, आणि अशा बाळाच्या अंगाला नॅप्थलीनचा वास मुरलेलं कापड लागलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्यानं वाढते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे घरी कळायला मार्ग नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड नुसतं झटकून वापरू नये. धुऊन, कडक उन्हात दिवसच्या दिवस वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय त्याला कात्री लावू नये. बाळासाठी राखून ठेवायचं लुगडं असेल तर कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

धुण्याचाही प्रश्न इथे वेगळा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा आपल्या तालुक्याच्या दारात आहे. विहिरीचं, हापशीचं पाणी खारं आणि जड. त्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा चोथा कापडात अडकतो आणि वाळल्यावर मऊ मलमलही पापडासारखी कडक होते. चांगलं शिवलेलं झबलं चार धुण्यांत टोचायला लागलं, अशी तक्रार माझ्याकडे येते, तेव्हा दोष शिवणीचा नसतो, पाण्याचा असतो. धुवायला कुठलंही पाणी घ्या, पण शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात करा. बाळाचे कपडे एवढेसे असतात, एक लहान बादली पुरते. नीळ आणि खळ देऊ नका. वाळल्यावर हातात घेऊन चुरगाळा, मग घडी घाला.

विकतचं सुती हवं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मलमल, केंब्रिक आणि जुन्या विणीची वायल बाळाला चालते. मांजरपाट आधी धुऊन मऊ करून घ्यावा लागतो. रुबिया म्हणून जे ब्लाउजचं कापड मिळतं त्यात बऱ्याचदा मिसळ असते, एक धागा जाळून पाहावा: सूत कागदासारखं जळून राख होतं, मिसळीचा धागा वितळून गोळी होते. खादीत वर्ध्याच्या गोपुरीतल्या ग्राम सेवा मंडळाचं नाव घ्यायला हवं. विनोबांनी 1934 साली उभी केलेली ती संस्था विदर्भातल्या कापसाचं सूत आणि कापड विदर्भातच करते. आपल्या मातीतला कापूस आपल्याच बाळाच्या अंगाला लागावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि ती पुरी होण्याइतकी सोय जवळ आहे.

ऋतूंकडे वळते. इथे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास जातो, आणि पौषात सातपुड्याकडून उतरणारा वारा रात्री अंगात शिरतो. एकच बाळंतविडा दोन्ही ऋतूंना चालेल असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. कुंचीचंच घ्या. डोकं, कान आणि पाठीचा वरचा भाग झाकणारा, मागे झालरीसारखा उतरणारा हा बेत फार हुशार आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, तिथून ऊब सगळ्यात जास्त जाते, आणि कुंची मानेशी फट राहू देत नाही. जानेवारीत पहाटे बाहेर निघायचं असेल तर कुंचीसारखं दुसरं काही नाही. पण तीच फलालीनची कुंची बाळंतिणीच्या बंद खोलीत, एप्रिल-मेमध्ये, वारं लागू नये म्हणून बाळाच्या डोक्यावर दिवसभर बांधून ठेवतात. बाळाला घामानं अंग गार करून घेणं मोठ्यांसारखं जमत नाही. डोकं उघडं राहिलं तरच त्याची उष्णता निघते. उन्हाळ्यात एक सैल बिनबाह्यांचं झबलं आणि लंगोट पुरे. बाळाला थंडी वाजते आहे का हे पाहायचं तर आपल्याला काय वाटतं ते विचारू नये. हाताची पाठ त्याच्या पोटाला आणि तळपायाला लावावी. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर एक थर वाढवावा. दोन्ही गार लागले तर छातीशी धरून सरळ दवाखाना गाठावा.

कुंचीच्या नाडीबद्दलही स्पष्ट लिहिते. हनुवटीखाली बांधलेली नाडी झोपेत वर सरकली तर गळ्याला फास बसू शकतो. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला ओढनाडी लावायला मनाईच आहे. पुस्तिकेतल्या कुंचीला नाडीऐवजी एका बाजूनं दुसऱ्या बाजूवर येणारी कापडी पट्टी दिली आहे, आणि झोपताना कुंची काढावी असं बेताखालीच छापलं आहे. झबल्याचे बंदही चार बोटांपेक्षा लांब ठेवू नयेत. गोंडे, मणी, टिकल्या, घुंगरं ही हौस दुपट्याच्या कोपऱ्यालाही नको. बाळ पाचव्या महिन्यात सगळं तोंडात घालतं.

ऊब ही किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे, हे गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ कोरडं करणं, गुंडाळणं, ऊब देणं, वजन पाहणं, दूध पाजायला मदत करणं, श्वास आणि जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर औषध आणि इंजेक्शन देणं, असं ते सगळं मिळून होतं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले होते. श्रेय अर्थात सगळ्या कामाचं आहे, एकट्या कपड्याचं नाही. पण आशाताई घरी येतात तेव्हा बाळ कशात गुंडाळलंय हे त्या का पाहतात, ते यावरून कळावं. आपल्याच तालुक्यात डोंगरात वसलेल्या भिंगारा, चाळीसटापरी या गावांत रात्रीचा गारवा जळगाव जामोदपेक्षा जास्त असतो आणि रस्ता लांबचा. तिथे दोन थरांचं, मध्ये जुन्या सुताचं अस्तर दिलेलं दुपटं लागतं. ते शिवताना धावदोरा जवळ-जवळ घालावा, म्हणजे अस्तर गोळा होऊन एका कोपऱ्यात जात नाही.

आता रीतीभातींबद्दल, कारण त्यांना वळसा घालून बाळाचा कपडा शिवताच येत नाही. पहिली रीत अशी की बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही. नवी शिकलेली मुलं या रीतीला हसतात. मी हसत नाही. ज्या काळात घराघरात लेकरं जात होती, त्या काळात बायांनी स्वतःच्या मनाला घातलेलं ते कुंपण आहे. भरलेली पेटी आणि रिकामा पाळणा यांचं दुःख ज्यांनी पाहिलं त्यांनी ही रीत पाडली. पण आज बाळ दवाखान्यात जन्मतं आणि पहिल्या मिनिटालाच त्याला पुसायला एक आणि गुंडाळायला दुसरं कोरडं कापड लागतं. ऐन वेळी नातेवाईक मिळेल ते विकत आणतात, न धुतलेलं, खळीचं. या दोन्हींची सांगड घालणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत. त्या नववा लागला की लुगडं धुऊन, वाळवून, चौकोनी तुकडे फाडून ठेवतात. सुई लावत नाहीत. रीत राहते आणि बाळाची सोयही होते. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो, आणि पुस्तिकेत तयारीचं पान त्याच क्रमानं लिहिलं आहे: आधी फक्त कापड, झबलं बाळ पाहिल्यावर. बाळाचं माप हाती आल्यावर शिवलेलं झबलं बसतंही नीट.

दुसरी रीत, पहिला कपडा नवा नसावा, धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या लेकराचं उतरलेलं झबलं आधी घालावं. हिचा फायदा वर सांगितलाच आहे. पाचवी, सटवाई, छठी, बारसं यांचे कपडे आणि त्यांचे रंग घरागणिक बदलतात, त्यात मी शिरत नाही. बारशाला आत्यानं कुंची किंवा अंगडं-टोपडं आणायची पद्धत मात्र बळानं टिकवावी असं मला वाटतं. ती हल्ली पाकीट देते. तिला शिवता येत नसेल तर तिनं शिवून घ्यावं, पण बाळाची टाळू आपल्या तळहातानं मोजून घ्यावी.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतं. काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. हा एकच प्रसंग असा आहे की त्यात दिसण्याला झुकतं माप द्यायला माझी हरकत नाही, कारण कपडा तासाभरासाठी असतो. तरीही खणाचं झबलं शिवताना आतून मलमलीचं पूर्ण अस्तर लावावं. खणाची जर बाळाच्या छातीवर रुतते. आणि काळा रंग धुऊन पाहावा. पाटावर बसलेल्या बाळाच्या गळ्याशी घामानं काळे ओघळ उतरलेले मी पाहिले आहेत.

मशीन की हात, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं सरसकट म्हटलं जातं, पण 1924 साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता. बायकोला हातानं शिवताना पाहून तिचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरनं ते बनवलं, असं ते म्हणाले, आणि हेच त्यांना त्यात मोलाचं वाटलं. आपल्याकडे 1930 च्या दशकात ‘उषा’ आली आणि पायमशीन लग्नात देण्याची वस्तू झाली. बाजूच्या शिवणी, चुण्या, लंगोटाच्या कडा मशीनवर माराव्यात, वेळ वाचतो आणि टीप एकसारखी येते. पण गळा आणि बाहीचं तोंड हातानं दुमडावं. मशीनची टीप ताणली जात नाही, गळ्याला कडक कडं होतं. हाताचा टाका थोडा सैल राहतो आणि बाळाच्या हालचालीबरोबर सरकतो. शिवाय इतक्या लहान गोलाईत कापड पायाखाली फिरवणं अवघड जातं, तिथेच चुणी पडते आणि तीच चुणी टोचते.

हे काम पैशात कमी का मोजलं जातं, तेही सांगायला हवं. बाजारपेठेतला शिंपी झबलं शिवायला नाही म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही. गोलाया तेवढ्याच, दुमडणं तेवढंच, वेळ जवळजवळ ब्लाउजइतका, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वीतभर कापडाचे एवढे पैसे? वऱ्हाडातल्या शिंप्याच्या घरातली ओढाताण ज्यांना जाणून घ्यायची आहे त्यांनी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 सालची कादंबरी वाचावी. पुरुष शिंप्याच्या हातून झबल्याची विद्या कधी गेलीच नाही, कारण ती त्याच्याकडे आलीच नव्हती. ती घरातल्या बायांकडे राहिली, आणि घरातली म्हणून तिचं कुणी दाम केलं नाही, कुणी ती लिहून ठेवली नाही. शासनानं पहिल्या बाळासाठी ‘बेबी केअर किट’ आणलं, त्यात कपडेही होते. बचत गटाच्या बाया पापड, शेवया, कुरडया विकतात. धुतलेल्या मलमलीचे, गळ्याशी हाताचा टाका असलेले, दोन किलोच्या आणि तीन किलोच्या मापाचे झबल्यांचे जोड त्यांनी विकायला ठेवले तर दवाखान्याच्या दारात ते खपतील, याबद्दल मला शंका नाही. भाव ठरवताना मात्र कापडाच्या वितीवर ठरवू नये, लागलेल्या तासांवर ठरवावा.

पुस्तिका वापरण्याविषयी शेवटचं. बेत पूर्ण आकाराचे छापले आहेत, ते वाढवायचे किंवा कमी करायचे नाहीत. दोन किलो, तीन किलो, तीन महिने आणि सहा महिने अशी चार मापं आहेत. प्रत्येक बेतावर धाग्याची दिशा बाणानं दाखवली आहे, आणि विरलेल्या लुगड्यावर बेत ठेवताना ती दिशा सोडू नये, नाहीतर पहिल्याच ओढीला कापड फाटतं. शिलाईची माया बेतात धरलेली आहे, वेगळी सोडू नये. शिवणकामाचे जे शब्द वर्गात एका तऱ्हेनं आणि गावात दुसऱ्या तऱ्हेनं बोलले जातात, ते दोन्ही दिले आहेत. शिवायला बसण्याआधी बाळाचं वजन आणि डोक्याचा घेर आरोग्य कार्डावर पाहून घ्यावा. घेर 33 सेंटिमीटरच्या आत असेल तर वय काहीही असो, पहिल्या मापापासून सुरुवात करावी.